आप्पा, अण्णा आणि नाना
(तृतीय वर्ष, संगणक)

सुरुवातीलाच एक कबुली देते. मी कॉन्व्हेंटची. शाळेत मराठीचा तास डबा खाऊन झाल्यावर असायचा, आणि 'पावसाळ्यातील एक दिवस' हा निबंध मी सलग चार वर्षं गाइडमधून पाठ करून लिहिलेला आहे. त्यामुळे या लेखात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर संपादक मॅडमना जबाबदार धरावं, मला नाही. कारण त्याच म्हणाल्या, "मराठी विभागात यंदा एकोणीस कविता आल्यात. बारा पावसावर, सात 'तिच्या'वर. तू तुझ्या त्या बॅकअपवर काहीतरी लिही बाई."

बॅकअपवर लिहायचं म्हणजे आप्पा, अण्णा आणि नाना यांच्यावर लिहायचं. ही आपल्या कॉम्प्युटर सेंटरच्या आतल्या खोलीतली तीन जुनी मशीन्स. नावं कुठल्यातरी सीनियर बॅचने ठेवली आणि ती आता इतकी रुळलीत, की सरसुद्धा फोनवर "अण्णा रीस्टार्ट केला का?" असंच विचारतात. तिघांच्या पोटात प्रत्येकी तीन डिस्क, दोन-दोन टीबीच्या. म्हणजे एकूण 18 टीबी. पण प्रत्येक गोष्ट तिघांकडे एकेक अशी तीनदा लिहिली जाते, म्हणून हातात राहतात फक्त 6. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ही उधळपट्टी वाटली होती. मग एका मे महिन्यात आप्पाचा पॉवर सप्लाय जळाला आणि चार दिवस कुणाला पत्ताही लागला नाही, कारण उरलेल्या दोघांनी काम चालू ठेवलं. तेव्हा पटलं.

या तिघांना एकत्र बांधणारं सॉफ्टवेअर म्हणजे सेफ. सेज वाइल नावाच्या विद्यार्थ्याने अमेरिकेत सांताक्रूझच्या विद्यापीठात पीएचडीसाठी ते लिहिलं, 2007 मध्ये प्रबंध पूर्ण केला, आणि आज जगभर मोठमोठी सेंटर्स ते वापरतात. (आपली प्रोजेक्ट्स व्हायवानंतर कुठे जातात यावर इथे बोलायला नको.) सेफमध्ये कुणी एक मालक नसतो. तिन्ही मशीन्सवर एकेक 'मॉनिटर' असतो, म्हणजे वर्गातला मॉनिटर नव्हे, आणि कुठलाही निर्णय घ्यायचा तर तिघांपैकी किमान दोघं हजर लागतात. आमच्या आजोबांच्या गावी ग्रामसभा कोरमअभावी तहकूब होते ना, अगदी तसंच. एकटा राहिलेला मॉनिटर कितीही खरा असला तरी त्याचं कुणी ऐकत नाही.

हे तिघं एकमेकांच्या घड्याळावरही लक्ष ठेवून असतात. फरक 0.05 सेकंदाच्या वर गेला की तक्रार सुरू. नानाच्या मदरबोर्डवरचा सेल संपला होता, तर वीज जाऊन आली की तो थेट कुठल्यातरी जुन्या सालात जागा व्हायचा आणि बाकीचे दोघं त्याला पंगतीत बसू द्यायचे नाहीत. पहिल्या लेक्चरला पंधरा मिनिटं उशिरा येणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

मी या भानगडीत पडले ती दुसऱ्या वर्षाच्या शेवटी. सेंटरला मदतनीस विद्यार्थी हवे होते. एक मी आणि एक मुलांच्या होस्टेलमधला माझा पार्टनर, जो कॅरममध्ये फार हुशार आहे. कामं तीन : देखभाल, अपडेट आणि लक्ष ठेवणं. यातलं तिसरं मला सगळ्यात सोपं वाटलं होतं. एक पडदा असतो. त्यावर हिरवं म्हणजे सगळं ठीक, पिवळं म्हणजे लक्ष द्या, लाल म्हणजे पळा. सकाळी कॉलेजला जाताना डोकवायचं, हिरवं दिसलं की चहाला मोकळं. मला ते हिरवं फार आवडायला लागलं होतं. लहानपणी वहीत स्टार मिळायचा, तसं काहीसं.

आता माझी अक्कलहुशारी सांगते.

गेल्या वर्षी, म्हणजे 2025 च्या ऑगस्टमध्ये, पडदा पिवळा झाला. सेफचा नियम असा, की कुठलीही एक डिस्क 85 टक्के भरली की तो कुरकुरायला लागतो, आणि 95 ला तर लिहिणंच बंद करतो. आमची नानाकडची एक डिस्क 85 च्या वर गेली होती. नवीन डिस्क घ्यायच्या तर तीन कोटेशन, मग तुलनात्मक तक्ता, मग सह्या. तोवर रोज पिवळं बघायचं? मी सरांना म्हटलं, आपण रोजचे 30 बॅकअप ठेवतो आणि शिवाय महिन्याचा एकेक असे वर्षभराचे ठेवतो. इतके जुने कुणाला लागतात? महिन्याचे काढून टाकू. सर म्हणाले, "चालेल, पण डिस्क आल्या की परत चालू करायचे." मी एक ओळ बदलली. दोन दिवसांत हिरवं. मला शाबासकी मिळाली, आणि ती मी घेतलीही.

सप्टेंबरच्या शेवटी एक बातमी आली. 26 तारखेला दक्षिण कोरियात देजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली आणि तिथल्या सरकारी कर्मचाऱ्यांचा सामाईक साठा, 858 टीबी, जळून गेला. सुमारे सव्वा लाख लोकांच्या कामाच्या फायली. बाहेर दुसरीकडे कॉपी नव्हती. कारण काय दिलं, तर साठा फार मोठा होता म्हणून बॅकअप घेता येत नव्हता! आम्ही सेंटरमध्ये वडापाव खात ती बातमी वाचली आणि खूप हसलो. पार्टनर म्हणाला, "यांना आपला नाना पाठवून द्यायला पाहिजे." हे हसणं मला आता आठवतं तेव्हा कानशिलं गरम होतात.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, 17 ऑक्टोबरला, वसुबारसेच्या दिवशी अपडेट करायचं ठरलं. दिवाळीची सुट्टी लागलेली, होस्टेल अर्धं रिकामं, कुणाचा खोळंबा नको म्हणून तो मुहूर्त. अपडेट करणं हे खरं तर धीराचं काम आहे, बुद्धीचं कमी. एकावेळी एकच मशीन घ्यायचं. आधी सगळे मॉनिटर, मग मॅनेजर, मग डिस्का सांभाळणारे प्रोग्रॅम. एक झालं की तिघंही परत हिरवे होईपर्यंत हाताची घडी. आणि सुरू करण्याआधी 'नोआउट' नावाचा झेंडा लावायचा. त्याचं कारण मी ज्युनियर्सना असं सांगते : एखादी मुलगी दोन दिवस घरी गेली तर लगेच तिची कॉट दुसऱ्या कुणाला देऊ नका, म्हणून रेक्टर मॅडमना चिठ्ठी देतो की नाही? सेफसुद्धा एखाद्या डिस्ककडून 10 मिनिटं निरोप आला नाही की ती गेली असं धरतो आणि तिच्या वाटची माहिती दुसरीकडे हलवायला घेतो. रीस्टार्टला लागतात तेवढी मिनिटं. म्हणून चिठ्ठी. आणि काम झाल्यावर ती चिठ्ठी आठवणीने फाडायची.

सगळं केलं. नानाचा सेलही बदलला, 30 रुपयांचा. संध्याकाळी साडेसहाला तिघंही हिरवे. सरांनी दिवाळीचा चिवडा दिला आणि मी रात्रीच्या गाडीने मिरजेला.

घरी आजीने विचारलं, "बॅकअप म्हणजे काय गं करता तुम्ही?" मी म्हटलं, आजी, लोकांच्या फायलींची जास्तीची कॉपी काढून ठेवतो, मूळ गेली तर असावी म्हणून. ती म्हणाली, "म्हणजे कणगी. आणि उघडून बघता की नाही अधूनमधून? वरून लिंपलेली चांगली दिसते, आत किड्याने पीठ केलेलं असतं." मी तिला अभिमानाने सांगितलं, की सेफ स्वतःच बघतो. रोज वरवर आणि आठवड्यातून एकदा अगदी कणन् कण तपासतो, तिन्ही कॉप्या जुळतात का ते. त्याला स्क्रब म्हणतात. आजी म्हणाली, "ते बरंय. पण शिजवून बघतो का?" मी हसले. पुन्हा हसलेच बघा.

सुट्टीनंतर आले तर पडदा हिरवागार. शिवाय एक गंमत, भरलेल्या जागेचा आलेख रोज थोडा थोडा खाली येत होता. 79 टक्के, 76, 74. मला वाटलं, ही माझ्याच त्या बदललेल्या ओळीची पुण्याई. पार्टनरला म्हटलंसुद्धा, "बघ, नवीन डिस्कची गरजच नाही."

15 नोव्हेंबर, शनिवार. दुपारी सिव्हिल विभागाचा फाइल सर्व्हर गेला. त्यातली एक डिस्क आधीच गेलेली होती, दुसरीने त्या दिवशी मान टाकली. तिथे पीजीची एक ताई आहे, आमच्याच विंगमधली. तिचा विषय काँक्रीटचा. सिमेंटमध्ये थोडी उसाच्या चिपाडाची राख मिसळायची, क्यूब ओतायचे, पाण्यात ठेवायचे आणि 7 व्या आणि 28 व्या दिवशी मशीनखाली दाबून फोडायचे. भार किती घेतला, आकार किती बदलला, भेगा कशा गेल्या, सगळ्याचे आकडे, फोटो, व्हिडिओ. ज्यांनी क्यूब फक्त सबमिशनपुरता पाहिलाय त्यांच्यासाठी सांगते : क्यूब एकदाच फुटतो. तो परत जोडून परत फोडता येत नाही. आणि 28 वा दिवस म्हणजे 28 वाच. ताईने 25 सप्टेंबरला ओतलेल्या क्यूबचा 28 वा दिवस आला 23 ऑक्टोबरला. भाऊबीज. घरी तिचा भाऊ वाट बघत बसला आणि ही इथे रिकाम्या लॅबमध्ये क्यूब फोडत होती.

ती धावत सेंटरमध्ये आली. मी तिला म्हटलं, "ताई, टेन्शन घेऊ नकोस. बॅकअप आहे." हे वाक्य मी इतक्या सहज बोलले, की आता ते लिहितानाही कसंतरी होतं.

संध्याकाळी मी आदल्या रात्रीचा बॅकअप परत काढायला लावला. दोन सेकंदांत झाला. 1.1 टीबी, दोन सेकंदांत! काय स्पीड आहे, म्हणून मी खूश. फोल्डर उघडला तर आत काही नाही. वाटलं, घाईत जागा चुकली. परत केलं, परत तेच. तेवढ्यात सात वाजले, शनिवारी सेंटर सातला बंद होतं, मामा किल्ल्या वाजवत दारात उभे. मी रोजच्या अहवालाचा पडदा मोबाइलमध्ये फोटो काढून घेतला आणि ताईला "जरा वेळ लागेल" म्हणून होस्टेलवर आले.

मेसला खिचडी-कढी होती. कढी वाढून घेता घेता मी तो फोटो मोठा करून बघितला. तीस ओळी, तीस रात्री. प्रत्येकीपुढे 'यशस्वी'. आणि त्याच्याही पुढे, जिथे आम्ही कधी बघितलंच नव्हतं, आकार. 612 बाइट. 612 बाइट. 612 बाइट. एकोणतीस वेळा 612 बाइट. सगळ्यात खाली तिसावी ओळ, 17 ऑक्टोबर, पहाटे 2 : 1.1 टीबी.

काय झालं होतं ते तिथेच ताटासमोर लख्ख कळलं. सिव्हिलचा सर्व्हर अण्णाला 'माउंट' केलेला असतो, म्हणजे तिकडचा फोल्डर अण्णाला आपल्याच घरातल्या खोलीसारखा दिसतो. अपडेटनंतर अण्णा रीस्टार्ट झाला. नेटवर्क उठायच्या आधीच त्याने ती खोली जोडून बघितली, जमलं नाही, आणि एकदा जमलं नाही म्हटल्यावर परत प्रयत्न केलाच नाही. उरला नुसता दरवाजा, मागे खोली नाही. रोज रात्री दोन वाजता बॅकअप त्या दरवाजातून आत बघायचा, आत काही नाही हे इमानेइतबारे लिहून घ्यायचा आणि 'यशस्वी' म्हणायचा. त्याचं काय चुकलं? त्याला रिकाम्या खोलीचा बॅकअप घ्यायला सांगितलं होतं, त्याने तो घेतला. सेफने त्या रिकामेपणाच्या तीन कॉप्या केल्या आणि आठवड्यातून एकदा त्या जुळतात का तेही तपासलं. जुळत होत्या. आणि तो खाली येणारा आलेख... भरलेले बॅकअप रोज एकेक करून पुसले जात होते, म्हणून तो खाली येत होता.

मग घास तोंडातच राहिला. आपण तीसच ठेवतो. आज रात्री दोन वाजता एकतिसावा येणार, आणि सगळ्यात जुना पुसला जाणार. महिन्याचे असते तर एक सप्टेंबरचा, एक ऑगस्टचा राहिला असता. ते मीच काढलेले.

वेळ : नऊ वाजून दहा मिनिटं. आपल्या मुलींच्या होस्टेलचं गेट साडेनऊला बंद. बॅकअपच्या मशीन्सना बाहेरून हात लावता येत नाही, सेंटरमध्ये बसूनच करावं लागतं, आणि ते तसंच असायला हवं. सरांना फोन केला, ते नात्यातल्या साखरपुड्याला गेलेले, फोन लागेना. पार्टनर गावी, एसटीत. त्याचा फोन लागला, पण तो तिथून काय करणार? म्हणाला, "मुलांचं गेट अकरापर्यंत उघडं असतं, पण तिथे पासवर्ड कुणाकडे नाही." (मुलांचं गेट अकरापर्यंत का आणि आमचं साडेनऊला का, हा प्रश्न मी दरवर्षी विचारते. या लेखाच्या निमित्ताने यंदाचा विचारून झाला.)

रेक्टर मॅडम रजिस्टर घेऊन बसल्या होत्या.

"मॅडम, मला आत्ता सेंटरला जायचंय. फार अर्जंट आहे."

"आत्ता? सकाळी जा."

"सकाळपर्यंत डिलीट होईल मॅडम. दोन वाजता."

"रात्री दोन वाजता कोण डिलीट करतंय? त्याला फोन करून थांबव की."

"मीच करतेय मॅडम. म्हणजे मी सांगून ठेवलंय मशीनला."

मॅडमनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. मला रडू यायला लागलं होतं. शेजारी ताई केव्हा येऊन उभी राहिली होती, मला कळलंच नाही. तिला मी अजून काहीच सांगितलं नव्हतं, पण माझ्या तोंडाकडे बघून तिला सगळं कळलं असावं. ती एवढंच म्हणाली, "मॅडम, माझं वर्षाचं काम आहे ते."

मॅडम उठल्या, शाल घेतली, टॉर्च घेतला. "चल. मी येते बरोबर. रजिस्टरमध्ये कारण लिही." मी घाईघाईत लिहिलं, 'नाना, अण्णा - अर्जंट'. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या रेक्टर मॅडमनी मला बोलावून फार प्रेमाने विचारलं, की घरी कोण सीरियस आहे.

सेंटरच्या मामांनी कुरकुर न करता कुलूप उघडलं. आत एसीची थंडी. रेक्टर मॅडम यूपीएसच्या खोक्यावर शाल गुंडाळून बसल्या. मी लॉगइन केलं, दोनदा पासवर्ड चुकले, तिसऱ्यांदा बरोबर. रात्री दोनच्या कामाच्या ओळीपुढे एक '#' टाकला, म्हणजे ती ओळ मशीनने वाचायचीच नाही. सेव्ह केलं. परत उघडून बघितलं, आहे. परत एकदा बघितलं. दहा वाजायला पाच मिनिटं होती.

"झालं?" मॅडम.

"झालं."

"एवढंच? एक फुली मारायला आलो आपण?"

मग मी 17 ऑक्टोबरचा बॅकअप दुसऱ्या एका मशीनवर काढायला लावला. आधी छोटा फोल्डर, उघडतोय का बघायला. ताईने स्वतः एक फोटो उघडला. करड्या क्यूबवर तिरकी गेलेली भेग. तिने पडद्यावर बोट ठेवून सांगितलं, "हा जुलैचा. दहा टक्के राखवाला." जुन्या डिस्का, त्यामुळे अख्खं निघायला रात्र लागणार होती. ते तसंच चालू ठेवून आम्ही परत आलो. येताना रेक्टर मॅडम म्हणाल्या, "आमच्या वेळी कार्बन पेपर होता हो. खाली उमटलंय का ते लगेच दिसायचं."

सकाळपर्यंत 17 ऑक्टोबरपर्यंतचं सगळं आलं. पण त्यानंतरचं कुठेच नव्हतं. भाऊबीजेचे क्यूबही त्यातच. एकूण नऊ क्यूब. सिव्हिल लॅबचे काका प्रत्येक क्यूब किती भाराला फुटला ते निळ्या पेनने जाडजूड रजिस्टरमध्ये लिहून ठेवतात, तेवढे नऊ आकडे मिळाले. पण फुटेपर्यंत काय काय होत गेलं तो आलेख, ते फोटो, गेले ते गेलेच. ताई मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

पुढचे काही दिवस मी दुसऱ्यांच्या चुका वाचत बसले. त्याने बरं वाटतं असं नाही, पण एकटं वाटत नाही. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅबमध्ये, जिथे आपण सगळे प्रोजेक्टचा कोड ठेवतो तसली ती कंपनी, एका थकलेल्या इंजिनीअरने रात्री चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसचा फोल्डर पुसला. 300 जीबीतले साडेचार उरले. मग बॅकअप शोधायला गेले, तर पाच प्रकारच्या व्यवस्थांपैकी एकही धड चालत नव्हती. रोजचा बॅकअप घेणारा प्रोग्रॅम जुन्या आवृत्तीचा आणि डेटाबेस नव्या, म्हणून तो रोज फेल व्हायचा. फेल झाल्याचं ईमेलही रोज निघायचं, पण पोचायचं नाही, समोरचा मेल सर्व्हर ते नाकारायचा. कुणीतरी सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी हाताने एक कॉपी काढली होती, तिने वाचवलं. त्यांनी हे सगळं लपवलं नाही, स्वतः लिहून जगाला सांगितलं, म्हणून तर मला वाचता आलं. आणि 2021 च्या डिसेंबरमध्ये जपानच्या क्योटो विद्यापीठात तर बॅकअपनेच डेटा खाल्ला. चालू असलेल्या स्क्रिप्टवरच तिची नवी आवृत्ती टाकली गेली. स्क्रिप्ट अर्धी जुनी, अर्धी नवी वाचली गेली आणि जुन्या लॉग फायली पुसायच्या सोडून संशोधकांच्या फायली पुसायला लागली. सुमारे 77 टीबी, 3 कोटी 40 लाख फायली.

हे मी ताईला सांगायला गेले. ती म्हणाली, "मोठमोठ्यांनी माती खाल्ली म्हणून माझे क्यूब परत येणार आहेत का?" बरोबर होतं तिचं. मी गप्प बसून तिला चहा आणून दिला.

सर सोमवारी आले. मला वाटलं, आता सेंटरमधून नारळ. सरांनी आधी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ओळ तू बदललीस, पण सही माझी होती." मग आम्ही तिघं दोन दिवस बसलो. आता सिव्हिलच्या फोल्डरमध्ये एक छोटी खुणेची फाइल ठेवली आहे. बॅकअप सुरू होण्याआधी ती दिसली नाही तर कामच सुरू होत नाही आणि जुनं काही पुसलंही जात नाही. आजचा आकार कालच्यापेक्षा फार कमी झाला तर आम्हा तिघांच्या मोबाइलवर निरोप येतो. आणि सकाळी सातपर्यंत कुठलाच निरोप आला नाही, तर तीच मोठी धोक्याची खूण धरायची. कारण मेलेलं मशीन 'मी मेलो' असा मेल पाठवत नाही. महिन्याचे बॅकअप परत चालू केले, पडदा परत पिवळा झाला. तो पिवळाच आहे. डिस्कची तीन कोटेशन आली आहेत, सही बाकी आहे. प्राचार्य सर हा अंक वाचतात असं ऐकून आहे.

आणि दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही शिजवून बघतो. पाचही विभागांच्या नावाच्या चिठ्ठ्या करतो, एक उचलतो, त्या विभागातल्या कुणालातरी बोलावतो आणि त्याची एक फाइल परत काढून त्याच्याच समोर उघडतो. आमची आम्ही उघडून उपयोग नाही, आम्हाला काय कळणार ती बरोबर आहे की नाही? डिसेंबरमध्ये लायब्ररीची चिठ्ठी निघाली. लायब्ररीच्या मॅडमनी 1987 च्या वार्षिक अंकाचं स्कॅन मागितलं आणि मग अर्धा तास त्यातले विद्यार्थी ओळखत बसल्या. जानेवारीत निघालेली फाइल उघडलीच नाही! पण ती मूळ सर्व्हरवरही उघडत नव्हती, हे त्या निमित्ताने त्या सरांना पहिल्यांदाच कळलं.

ताईने 22 नोव्हेंबरला नऊ क्यूब परत ओतले. 20 डिसेंबरला तिने मला लॅबमध्ये बोलावलं. बोलावलं म्हणजे क्यूब उचलायला. एकेक आठ-आठ किलोचा असतो. पाण्यातून काढून, पुसून, मशीनच्या मधोमध ठेवायचा. काटा चढत गेला, चढत गेला, आणि मग काहीतरी कुरकुरल्यासारखा आवाज आला, फार मोठा नाही. कॅमेरा चालू होता. काकांनी चष्मा सावरून रजिस्टरमध्ये आकडा लिहिला. ताईने फाइल सेव्ह केली, पेन ड्राइव्हवर एक घेतली, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "आज रात्री जाईल ना बॅकअपमध्ये?"

मी म्हटलं, "सकाळी उघडून बघते, मग सांगते."